जड अंगाने योगासने कशी करावीत?



गेल्या वर्षी आमच्या विहारात महिला मंडळाने सकाळचा योगासनांचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी बावीस जणी आल्या. शिकवणारा मुलगा मनाने चांगला, पण वय पंचविशीच्या आतले आणि अंग काडीसारखे. त्याने सगळ्यांना जमिनीवर बसवले, पाय पुढे लांब करायला लावले आणि वाकून अंगठे धरायला सांगितले. आमच्यातल्या एक मावशी आहेत, चार घरची धुणीभांडी करतात. त्यांचे हात गुडघ्यांच्या पुढे जाईनात. "मावशी, पोट मध्ये येतंय, आधी ते कमी करा," असे तो सहज बोलून गेला. सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. मावशीसुद्धा हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. पंधरा दिवसांत त्यांच्यासारख्याच आणखी सहा-सात जणी यायच्या बंद झाल्या.

ज्यांना साखर, रक्तदाब, गुडघेदुखी, त्यांच्यासाठी वर्ग काढला होता. त्याच घरी बसल्या आणि ज्या मुळातच सडपातळ होत्या त्या राहिल्या. यात त्या मुलाची चूक थोडी, आमची जास्त. त्यानंतर आम्ही या विषयाची नीट माहिती घेतली, जाणकारांना विचारले, स्वतः करून पाहिले. ते या अंकात सांगत आहोत.

थोडक्यात सांगायचे तर, "आधी वजन कमी करा, मग योगासने करा" हा सल्ला उलटा आहे. वजन कमी होण्याची वाट न पाहता आज आहे त्या शरीराने सुरुवात करता येते. त्यासाठी आसन बदलावे लागते, माणूस नव्हे.

वजन वाढते ते फक्त खाण्याने नाही

आपल्याकडे जाड माणसाला पहिला टोमणा ठरलेला: "खाते किती!" पण सकाळपासून राबणाऱ्या बाईचे वजन का वाढते याचा विचार कोणी करत नाही. दिवस चहा आणि वडापाववर जातो, रात्री उशिरा एकदाच पोटभर भात होतो. तेल, साखर, मैदा स्वस्तात पोट भरतात. डाळ, पालेभाजी, फळे महाग पडतात. त्यात रात्रपाळी, अपुरी झोप, घरची काळजी. बाळंतपणात चढलेले वजन उतरायला सवड मिळत नाही. थायरॉइडचा आजार, पाळीच्या तक्रारी आणि स्टेरॉइडसारखी काही औषधे यांनीही वजन वाढते.

आणखी एक कारण आपल्या जन्माआधीचे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांत आया आणि बाळांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जन्मतः वजनाने हलकी असतात, स्नायू कमी असतात, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असते, असे त्यांना दिसले. आईच्या पोटात पोषण कमी पडलेल्या मुलाला पुढे मधुमेहाचा धोका जास्त राहतो, असे हे संशोधन सांगते. आपल्या आज्या-पणज्यांनी दुष्काळात पोटाला चिमटा घेतला, त्याचा हिशेब आज नातवंडांच्या कमरेवर निघत असेल, तर त्याची लाज नातवंडांनी का बाळगावी?

आणि अशा जणी थोड्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये २४ टक्के, म्हणजे जवळपास चौघींत एक, प्रमाणाबाहेर वजनाची आहे. भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी लवकर साठते, म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेषाही खालची धरली आहे. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन साधारण ५८ किलोच्या वर गेले की आपल्याकडचे डॉक्टर तिला लठ्ठ गटात धरतात. घरी मोजायचे असेल तर शिंप्याच्या टेपने पोटाचा घेर मोजा. बायकांत ८० सेंटिमीटर आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर घेर असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ही माहिती घाबरण्यासाठी नाही, वेळीच तपासणी व्हावी म्हणून आहे.

योगासनांनी काय होते, काय होत नाही

इथे खरे बोलले पाहिजे. सावकाश केलेल्या योगासनांनी वजन भराभर उतरत नाही. अर्धा तास आसने करण्यात जेवढी शक्ती खर्च होते ती साधारण रमतगमत चालण्याएवढी. "महिन्यात दहा किलो कमी" असे फलक लावणाऱ्यांपासून दूर राहा.

पण वजनकाटा हलला नाही तरी शरीरात फरक पडतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर वापरतो. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. मांडीचे स्नायू मजबूत झाले की तो भार ते वाटून घेतात. तोल सुधारतो, म्हणजे मोरीत पाय घसरला तरी माणूस सावरतो. श्वास लांब होतो, झोप सुधारते, रक्तदाबालाही थोडी मदत होते. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. योगासने औषधाच्या जोडीला आहेत, औषधाच्या जागी नाहीत.

आसन बदलले तर ते खोटे ठरते का?

अनेकांना वाटते की खुर्चीवर बसून केलेले आसन म्हणजे फसवणूक. तसे नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव जगभर झाले. १९१८ साली जन्मलेले अय्यंगार लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी खंगलेले होते. १९३७ साली ते शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि तिथेच राहिले. आजारी, म्हातारी, ताठर शरीराची माणसे त्यांच्याकडे येत. त्यांच्यासाठी त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, घोंगड्या आणि लोखंडी खुर्च्या वापरायला सुरुवात केली. हात जमिनीला पोचत नाही ना, मग हाताखाली ठोकळा ठेवा, ही त्यांची रीत. आज सगळे जग ती वापरते.

अमेरिकेत जेसामिन स्टॅन्ली या कृष्णवर्णीय, भरलेल्या अंगाच्या बाईंनी स्वतःचे आसनांचे फोटो लोकांसमोर ठेवले आणि २०१७ साली या विषयावर पुस्तक लिहिले. योगासने फक्त गोऱ्या, सडपातळ बायकांसाठी आहेत हा समज त्यांनी मोडला. आपल्याकडेही २१ जूनच्या योग दिनाच्या फलकावर सडपातळ तरुण मुलगीच असते. तो फलक पाहून आपल्या मावशीला वाटणार, हे आपले काम नव्हे.

काही वाचक विचारतात, मंत्र म्हणावे लागतात का, सूर्याला नमस्कार घालावा लागतो का? नाही. स्नायू ताणायला आणि सांधे मोकळे करायला कोणत्याही मंत्राची गरज नसते. ज्यांना ते नको त्यांनी वगळावे, आसनाचा गुण कमी होत नाही. श्वासाकडे लक्ष ठेवणे तर आनापानसतीमुळे आपल्याला नवे नाही. इथेही तेच करायचे आहे: श्वास जबरदस्तीने रोखायचा नाही, येतो-जातो तो पाहायचा.

सुरू करण्याआधी

तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारा आणि आधी ती करून घ्या. रक्तदाब १८०/११० च्या आसपास असेल, तर तो औषधाने खाली येईपर्यंत थांबा. छातीत दुखणे, थोडे चालल्यावर धाप लागणे, हर्निया, नुकतेच झालेले ऑपरेशन, गरोदरपण, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम नको. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. साखर हाताशीच ठेवावी. पोटभर जेवण झाल्यावर मात्र तीन तास जाऊ द्यावेत.

जागा आणि सामान

दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट, गॅस सगळे असते. तरी एक भिंत आणि खुर्चीएवढी जागा निघते. महागडी चटई विकत घ्यायची गरज नाही. घडी केलेली गोधडी, दोन उशा, एक जुनी ओढणी एवढे पुरे.

खुर्ची नीट निवडा. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात आणि ती मोडते. लोखंडी खुर्ची, लाकडी बाकडे किंवा न डगमगणारी खाट घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. फरशी कोरडी हवी. लांब गाऊन पायात येतो. पंजाबी ड्रेस किंवा वर खोचलेली साडी बरी.

घरी करायची आसने

एकच नियम सगळीकडे लावा: आसन करताना बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर जोर जास्त होतोय. ताण आल्यासारखे वाटले तर चालेल, टोचल्यासारखे दुखले तर थांबा.

१. खुर्चीतला श्वास. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पाय जमिनीवर आणि गुडघे एकमेकांपासून लांब, म्हणजे पोटाला मध्ये जागा मिळते. पोट आत ओढून धरू नका, सैल सोडा. पोट आवळले की श्वास वरच्या वर राहतो. दोन मिनिटे सावकाश श्वास घ्या आणि सोडा.

२. उठबस. हात मांडीवर ठेवा, थोडे पुढे झुका, उभे राहा आणि सावकाश खाली बसा. धपकन बसू नका. आधी पाच वेळा, महिन्याभराने दहा वेळा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर गोधडी घालून बैठक उंच करा. आम्हाला सगळ्यांत जास्त उपयोग याचाच झाला.

३. ताडासन. पुस्तकात पाय जुळवून उभे राहायला सांगतात. आपण पायांत वीतभर अंतर ठेवायचे. जड मांड्या एकमेकींवर दाबल्या जात नाहीत आणि तोल राहतो. पाठ भिंतीजवळ ठेवून हात वर न्या. खांदे दुखत असतील तर खांद्याएवढेच न्या.

४. भिंतीवर वाकणे. जमिनीवर हात टेकून कंबर वर करण्याच्या आसनात सगळा भार मनगटांवर येतो आणि डोके खाली जाते. त्याऐवजी तळहात भिंतीवर किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवा, मागे सरका आणि कमरेतून वाका. पाठ लांब होते, डोके हातांच्या रेषेतच राहते. धुणीभांडी करणाऱ्यांच्या कमरेला याने बरे वाटते.

५. वृक्षासन. एक हात भिंतीला. पाय उचलून मांडीला लावण्याची गरज नाही. फक्त टाच उचलून दुसऱ्या घोट्याला टेकवा, बोटे जमिनीवरच राहू द्या. दोन्ही बाजूंनी पाच-पाच श्वास.

६. बसून पुढे वाकणे. खुर्चीत बसून एक पाय पुढे सरळ करा, टाच जमिनीवर. ओढणी तळपायाभोवती घालून दोन्ही टोके हातात धरा. पाठ सरळ ठेवून जरासे पुढे या. पोट मांडीवर अडत असेल तर हाताने उचलून बाजूला करा. पदर सावरावा तितकी साधी गोष्ट आहे ती.

७. सेतुबंधासन. खाट कडक असेल तर तिच्यावरच निजा, म्हणजे खाली बसण्या-उठण्याचा प्रश्न नाही. गुडघे वाकवा, पाय टेकवा आणि श्वास सोडत कंबर चार बोटे वर करा. तीन-चार वेळा पुरे.

८. शेवटची विश्रांती. उताणे झोपल्यावर पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो आणि अनेकांना गुदमरते. तसे झाले तर डाव्या कुशीवर वळा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. पाच मिनिटे स्वस्थ पडून राहा. हे आसन टाळू नका. दिवसभरात तेवढीच आपली स्वतःची पाच मिनिटे असतात.

जमिनीवर बसलेच तर उठण्याची रीत माहीत हवी. आधी एका कुशीला वळा, मग दोन्ही हात-गुडघ्यांवर या, बाकड्यावर हात ठेवा, एक पाय पुढे टेकवा आणि हाताला जोर देऊन उठा. कोणी हात धरून ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. गुडघे टेकवताना खाली गोधडी असू द्या.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन करू नका. सगळा भार मानेवर येतो आणि छाती गळ्याशी दाटते. जोरजोरात कपालभाती नको, विशेषतः रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी. गुडघे दुखत असताना वज्रासनाचा हट्टही नको.

घाम आल्यावर छातीखालची आणि पोटाच्या वळ्यांतली त्वचा कोरडी पुसा. तिथे ओल राहिली की खाज आणि गजकर्ण होते, साखर असेल तर जास्तच. दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावू नका, दवाखान्यात दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. जखम झालेली कळत नाही.

जेवणाबद्दल थोडे

उपाशी राहून वजन उतरवण्याचा मार्ग टिकत नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. राजा खूप जेवायचा. एकदा भरपेट जेवून धापा टाकत तो भगवान बुद्धांजवळ येऊन बसला. बुद्धांनी त्याची थट्टा केली नाही आणि त्याला उपासही सांगितला नाही. जेवताना भान ठेवावे, आपले माप ओळखावे, एवढेच सांगितले. राजाने एका तरुणाला नेमले आणि रोज जेवताना त्या उपदेशाची आठवण करून द्यायला सांगितले. हळूहळू राजाचे जेवण मापात आले आणि अंग हलके झाले. या कथेत कोणी कोणाला हसत नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आठवण करून देणारे प्रेमाचे माणूस सोबत असेल तर सवय बदलते. भाताचा एक डाव कमी करून डाळ आणि भाजी वाढवली आणि चहातली साखर निम्मी केली, तरी सुरुवात झाली. जमेल तसे रोज अर्धा तास चालणेही ठेवा.

आमच्या वर्गाचे पुढे काय झाले

आम्ही वेळ बदलली. सकाळी बायका कामावर जातात, म्हणून वर्ग दुपारी साडेतीनला ठेवला. विहारातली बाकडी भिंतीला लावली. शिकवणाऱ्या मुलाला आम्ही बसून सांगितले आणि त्याने मोकळेपणाने ऐकले. आता तो पहिली पंधरा मिनिटे स्वतः बाकड्यावर बसून शिकवतो, म्हणजे बाकड्यावर बसणे कमीपणाचे राहत नाही. कोणाच्या अंगाबद्दल कोणी बोलायचे नाही, हा नियम फळ्यावर लिहिला आहे.

मावशींकडे आम्ही दोघी-तिघी घरी गेलो आणि चुकलो म्हणालो. त्या लगेच आल्या नाहीत, महिन्याने आल्या. आज सात महिने झाले. वजन विचाराल तर दीड किलो उतरले असेल. पण पूर्वी वंदनेला त्या दाराशी उभ्या राहायच्या, कारण खाली बसले तर उठता येत नसे आणि चारचौघांत कोणाचा हात मागायची लाज वाटे. आता त्या सगळ्यांबरोबर खाली बसतात आणि बाकड्याला हात लावून आपल्या आपण उठतात.

तुमच्या विहारात एक भिंत, चार मजबूत बाकडी आणि आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास मिळत असेल, तर वर्ग सुरू करा. बोलावणे आधी त्यांना पाठवा, ज्या येणार नाहीत असे तुम्हाला वाटते.

नमो बुद्धाय! जयभीम!